हलवून खुंटा बळकट : दातातल्या खुंटीचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाल्यावर विचारणा झाली म्हणे, की तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक दातांवर काय बोलणार? दंतवैद्यक मी शिकवणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण एखादी गोष्ट मोडू नये म्हणून माणसानं काय काय केलं, आणि त्या करण्यामुळेच ती कधी कधी कशी मोडली, हा इतिहासाचा विषय आहे आणि विचाराचाही. दातात बसवायची खुंटी हे त्याचं फार चांगलं उदाहरण आहे. दीड मिलिमीटर जाडीची काडी, आणि तिच्याभोवती जवळजवळ तीनशे वर्षांचा वाद.

आधी ही खुंटी म्हणजे काय ते पाहू. दात किडतो, कीड आतल्या मगजापर्यंत जाते, मग रूट कॅनल करतात. मूळ जबड्यात शाबूत राहतं, पण हिरडीच्या वरचा दात पुष्कळदा बराचसा गेलेला असतो. कॅप बसवायची तर ती कशावर बसवणार? म्हणून मुळाच्या पोकळीत एक काडी उतरवतात, सिमेंटनं पक्की करतात, तिच्या वरच्या टोकाभोवती दाताचा गाभा उभा करतात आणि त्यावर कॅप चढवतात. या काडीला दंतवैद्य पोस्ट म्हणतात. मी तिला खुंटी म्हणेन. जात्याच्या वरच्या पाळूत ठोकलेला खुंटा आपल्या पिढीनं पाहिला आहे, म्हणजे कल्पना नवी नाही.

आता प्रश्न असा. ही खुंटी दाताला बळकट करते का? सामान्य समजूत सांगते, करते. भिंतीत लोखंडी सळई घातली की भिंत मजबूत होते, तसंच हे. ही समजूत इतकी स्वाभाविक आहे की दीर्घकाळ कुणाला ती तपासावीशीच वाटली नाही. ती तपासली कशी गेली आणि तपासल्यावर तिचं काय झालं, हे आज बघायचं आहे.

सोन्याची खुंटी, लाकडाची खुंटी

सुरुवात पॅरिसमध्ये. पिएर फोशार याचा दंतशास्त्रावरचा दोन खंडांचा ग्रंथ १७२८ साली निघाला. आधुनिक दंतवैद्यकाचा आरंभ बहुतेक इतिहासकार तिथून मानतात. फोशार मुळात सोन्याची किंवा चांदीची खुंटी बसवत असे. तिच्यावर माणसाचा दात नाहीतर पाणघोड्याच्या दातातून कोरलेला दात, आणि पक्कं करायला उष्णतेनं मऊ केलेला राळेसारखा चिकट पदार्थ. असे दात पंधरा-वीस वर्षंही टिकतात, असं त्यानं नोंदवलं आहे. भूल नाही, क्ष-किरण नाहीत, जंतूंची कल्पना नाही, आणि तरी हा दावा. सगळ्यांचे टिकले नसणार हे उघड आहे, पण काहींचे टिकले एवढं तरी मानायला हरकत नाही.

पुढे एकोणिसाव्या शतकात लाकूड प्रचारात आलं, अमेरिकेत विशेषतः हिकरी नावाच्या झाडाचं. लाकूड स्वस्त, कापायला सोपं, आणि त्याचा आणखी एक गुण त्या वेळच्या लोकांना फारच सोयीचा वाटला. कोरडी काडी मुळात घट्ट बसवायची. तोंडातल्या ओलाव्यानं ती फुगते आणि आपोआप आवळून बसते. सिमेंटची गरज नाही!

पण थांबा. पाथरवट काळा दगड कसा फोडत असत? ओळीनं भोकं पाडायची, त्यात कोरड्या लाकडाच्या पाचरी ठोकायच्या आणि वर पाणी ओतायचं. लाकूड फुगतं आणि दगड दुभंगतो. जे दगडाचं होतं ते दाताच्या मुळाचं का होणार नाही? मूळ म्हणजे एक नळी. नळीला आतून बाहेर रेटा बसला की तिच्या भिंतीत गोलाकार दिशेनं ओढ निर्माण होते. पिंपाला बाहेरून लोखंडी पट्ट्या आवळतात त्या याच ओढीला आवर घालायला. मुळाला अशा पट्ट्या नसतात. म्हणून ते उभं चिरतं, वरपासून खालपर्यंत. असं चिरलेलं मूळ सहसा वाचत नाही, काढावंच लागतं.

म्हणजे बघा, ज्या गुणामुळे खुंटी घट्ट बसत होती त्याच गुणामुळे मूळ फुटत होतं. घट्टपणा आणि फूट यांचं कारण एकच. या इतिहासात हे पुन्हा पुन्हा दिसेल.

दुसरी अडचण जंतूंची. मूळ आतून स्वच्छ करण्याची खरी विद्या तेव्हा नव्हती. खुंटीनं तोंड बंद केलं की आत पू साठे. म्हणून काही कारागिरांनी पू वाहून जाण्यासाठी पोकळ नळीच्या खुंट्या केल्या. आज हे वाचून अंगावर काटा येतो, पण त्या ज्ञानाच्या चौकटीत तो शहाणपणाच होता.

कडं, ओतकाम आणि एक सरबत्ती

१८७८ च्या सुमारास अमेरिकेत रिचमंड यांच्या नावानं ओळखली जाणारी कॅप आली. तिच्यात तीन गोष्टी एकत्र होत्या. मुळात उतरणारी खुंटी, समोर पांढरं पोर्सलेन, आणि मुळाच्या काठाला बाहेरून वेढणारं सोन्याचं कडं. या कड्याकडे लक्ष ठेवा. पिंपाची पट्टी ती हीच. तिचं महत्त्व प्रयोगशाळेत मोजलं जायला शंभरएक वर्षं लागली.

१९०७ मध्ये विल्यम टॅगार्ट यांनी न्यूयॉर्कमध्ये सोन्याचं भरण ओतण्याची पद्धत मांडली. आधी मेणाचा नमुना, त्याभोवती साचा, मेण वितळवून काढायचं आणि त्या जागी सोनं. मूर्तिकारांना ही रीत हजारो वर्षं ठाऊक होती, पण दाताच्या मापानं आणि नेमकेपणानं करणं नवं होतं. त्यातून पुढे खुंटी आणि गाभा एकाच ओतीव तुकड्यात, त्या त्या मुळाच्या आकाराबरहुकूम करता येऊ लागले. विसाव्या शतकात बराच काळ हीच पद्धत प्रमाण मानली गेली.

मध्येच एक वादळ आलं. १९१० मध्ये विल्यम हंटर या लंडनच्या वैद्यानं माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात भाषण केलं. सोन्याच्या सुबक कामाखाली सडलेली मुळं झाकून ठेवणाऱ्या दंतवैद्यांवर त्यानं सरबत्ती केली. त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. पण परिणाम असा झाला की पुढची काही दशकं, अंगातल्या कुठल्याही दुखण्याचं मूळ दातात आहे असं मानून, असंख्य दात उपटले गेले. वाचवण्याजोगे दातही गेले. पुढे क्ष-किरण आणि जंतुशास्त्र यांच्या आधारानं रूट कॅनलची विद्या सुधारली तेव्हा मुळं वाचू लागली, आणि मुळं वाचू लागली तशी खुंट्यांची गरजही वाढली. १९६० नंतर पोलादाच्या, टायटॅनियमच्या तयार खुंट्या बाजारात आल्या. काही गुळगुळीत, काही चक्क स्क्रूसारख्या आट्यांच्या.

बळ डोळ्यांना दिसलं

इथपर्यंतचा इतिहास अनुभवाचा झाला. बसवून बघायचं, मोडलं की बदलायचं. दाताच्या आत बळाची वाट कशी जाते हे कुणी पाहिलं नव्हतं. पाहणार तरी कसं? ताण दिसत नाही.

पण तो दिसू शकतो. स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टर यांना १८१५-१६ च्या सुमारास आढळलं, की दाबाखालच्या काचेतून ध्रुवीकृत प्रकाश गेला तर रंगांचे पट्टे उमटतात. विसाव्या शतकात अभियंत्यांनी यातून एक तंत्रच उभं केलं. वस्तूचा पारदर्शक नमुना करायचा, त्याच्यावर बळ लावायचं आणि पट्टे बघायचे. सह्याद्रीच्या नकाशात कड्यापाशी समोच्च रेषा दाटतात ना, तसे ताण एकवटतो तिथे हे पट्टे दाटतात.

१९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात स्टँडली, कॅप्युटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीनं वेगवेगळ्या आकारांच्या खुंट्या तपासल्या. निमुळती खुंटी पाचरीसारखी वागते, बळ लागलं की मुळाला आतून फाकवते. आट्यांची खुंटी सगळ्यांत घट्ट बसते, पण प्रत्येक आट्याशी ताण दाटतो, नुसती बसवतानाही. समांतर बाजूंची खुंटी ताण बरा वाटून देते, पण तिच्या खालच्या टोकाशी तो एकवटतो.

लाकडाच्या खुंटीचा धडाच पुन्हा समोर आला. जी खुंटी अधिक घट्ट बसते ती मुळाला अधिक ताणात ठेवते. फक्त आता ते कयासानं कळलेलं नव्हतं, रंगांत दिसत होतं.

एक साधा हिशेब

पदार्थांची तुलना करताना एक आकडा महत्त्वाचा असतो. वाकायला किंवा ताणायला एखादा पदार्थ किती अडतो, हे सांगणारा यंगचा गुणांक. त्याचं माप गिगापास्कल. दाताचा मुख्य भाग म्हणजे डेंटिन, त्याचा गुणांक ढोबळमानानं १८. पोलादाचा सुमारे २००, टायटॅनियमचा ११० च्या आसपास, झिर्कोनियाचा २०० च्या वर. काचतंतूंच्या खुंटीचा साधारण ३० ते ५०. म्हणजे पोलाद डेंटिनच्या अकरा पट ताठर.

आता आपण कागदावर करू शकू असा हिशेब करू. वरच्या पुढच्या दाताचं मूळ हिरडीपाशी गोल आणि ६ मिलिमीटर व्यासाचं धरा. खुंटी दीड मिलिमीटरची, म्हणजे व्यासाच्या चौथा हिस्सा. पुढच्या दातावर बळ तिरकं येतं, म्हणून दात वाकतो. वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. चौथ्या हिश्शाचा चौथा घात म्हणजे २५६ वा भाग. खुंटी पोलादाची आहे म्हणून त्याला अकरानं गुणा. उत्तर येतं शेकड्याला साधारण चार.

म्हणजे पोलादाची खुंटी घालूनसुद्धा वाकण्याचं शंभर भागांतलं शहाण्णव भाग ओझं मुळाच्या भिंतीच पेलतात! टायटॅनियम असेल तर खुंटीचा वाटा दोन-अडीच भाग, काचतंतूंची असेल तर जेमतेम अर्धा-एक भाग. कारण खुंटी बरोबर मध्यभागी आहे, आणि वाकताना मध्यभागी ताण जवळजवळ नसतोच. तो असतो बाहेरच्या कडेला. बांबू आतून पोकळ असून वाऱ्यात टिकतो तो याच कारणानं. त्याची ताकद बाहेरच्या कवचात असते. बांबूच्या पोकळीत काडी सारून तो बळकट होत नाही.

याच हिशेबाचा दुसरा भाग अधिक गंभीर आहे. समजा हिरडीच्या वर दाताची भिंत उरलेलीच नाही आणि वरचं सगळं बांधकाम निव्वळ खुंटीवर उभं आहे. मग तेच वाकवणारं बळ ६ मिलिमीटरच्या मुळाऐवजी दीड मिलिमीटरच्या काडीवर येतं. अशा वेळी ताण व्यासाच्या तिसऱ्या घातानं वाढतो. चाराचा तिसरा घात चौसष्ट. चौसष्ट पट ताण!

आणि तिसरा भाग. खुंटी मोडू नये म्हणून ती जाड करू म्हटलं, दीडाऐवजी तीन मिलिमीटर, तर मुळाची भिंत दोन्हीकडून सव्वादोन मिलिमीटरवरून दीडवर येते. खुंटी वाचते आणि मूळ बारीक होतं. जे वाचवायला निघालो तेच कोरून टाकलं.

हा ढोबळ हिशेब आहे. खरं मूळ गोल नसतं, आणि सिमेंटचा थर, जबड्याचं हाड, मुळाभोवतीचा लवचीक पडदा हे सगळं त्यात यायला हवं. पण दिशा समजायला तो पुरे.

समजूत मोडते

हे केवळ कागदी गणित राहिलं नाही. १९७९ मध्ये गझी आणि निकोल्स यांनी रूट कॅनल केलेले, पण बाकी धडधाकट असलेले दात प्रयोगशाळेत मोडून पाहिले. काही खुंटी असलेले, काही नसलेले. खुंटीनं बळकटी वाढल्याचं दिसलं नाही. १९८४ मध्ये सोरेन्सन आणि मार्टिनॉफ यांनी १,२७३ दातांच्या नोंदी तपासल्या. दाढा आणि उपदाढा कशानं टिकल्या? चावण्याचा पृष्ठभाग झाकणाऱ्या कॅपनं. खुंटीनं टिकाऊपणात लक्षणीय भर घातलेली नव्हती.

१९८९ मध्ये री, मेसर आणि डग्लस यांनी उपदाढांवर आणखी नेमकं मोजमाप केलं. रूट कॅनलसाठी वरून पाडलेल्या भोकानं दाताचा ताठपणा सुमारे ५ टक्क्यांनी घटतो. पण दोन्ही बाजूंच्या कडा गेलेली मोठी पोकळी केली तर ६३ टक्क्यांनी. म्हणजे दाताला दुबळा करणारी गोष्ट रूट कॅनल नाही, गेलेली भिंत आहे. ‘रूट कॅनल केलेला दात सुकतो आणि ठिसूळ होतो’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. १९९२ मध्ये सेजली आणि मेसर यांनी एकाच माणसाच्या तोंडातले जोडीचे दात, एक रूट कॅनल केलेला आणि एक जिवंत, असे ताडून पाहिले. ठिसूळपणात म्हणावा असा फरक मिळाला नाही.

आणि ते सोन्याचं कडं? १९९० मध्ये सोरेन्सन आणि एंगेलमन यांनी दाखवलं, की हिरडीच्या वर निरोगी दाताची एक-दीड मिलिमीटर उंचीची जरी भिंत उरली आणि कॅपनं तिला चहूबाजूंनी कवेत घेतलं, तरी दाताचा टिकाव पुष्कळ वाढतो. आज दीड ते दोन मिलिमीटर भिंत असावी असा संकेत आहे. मुसळाच्या टोकाला लोखंडी कडं बसवतात ते लाकूड फाटू नये म्हणून. काम तेच. खुंटी आतून रेटते, कडं बाहेरून धरतं.

फ्रान्समधली काळी काडी

एवढं कळल्यावर खुंटीच्या पदार्थाचा प्रश्न वेगळ्या पद्धतीनं विचारला जाऊ लागला. बळकट पदार्थ कोणता, हा जुना प्रश्न. दाताशी जुळणारा पदार्थ कोणता, हा नवा. १९९० मध्ये फ्रान्समध्ये द्युरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्बनतंतू रेझिनमध्ये बसवून केलेली खुंटी मांडली. विचार असा, की ताठर खुंटी आणि लवचीक मूळ बरोबर वाकत नाहीत, म्हणून दोघांच्या सीमेवर आणि खुंटीच्या टोकाशी ताण साचतो. दोघं बरोबर वाकली तर तो पसरेल.

काडी काळी होती, कॅपमधून तिची सावली दिसे. म्हणून लवकरच काच आणि क्वार्ट्झच्या पांढऱ्या तंतूंच्या खुंट्या आल्या. इटलीत मार्को फेरारी आणि सहकाऱ्यांनी २००० साली चार वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. ओतीव धातूच्या खुंट्यांच्या गटात मुळं चिरलेली आढळली, तंतूंच्या गटात आढळली नाहीत. मोठी बातमी होती ती. जुळणारा पदार्थ हेच उत्तर, असं वाटू लागलं.

इथे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यानं जरा हात वर करायला हवा. तंतूंच्या रेषेत हिकरी लाकडाचा गुणांक किती? सुमारे १५ गिगापास्कल. डेंटिनचा १८. म्हणजे दाताशी जुळणारी खुंटी दीडशे वर्षांपूर्वीच वापरून झाली होती, आणि तिनं मुळं फोडली होती! जुळणी तेव्हाही होती. पण फुगणं हा दुसरा गुण मध्ये आला. एखाद्या पदार्थाचा एक आकडा जुळला म्हणजे तो पदार्थ जुळला असं नव्हे.

काचतंतूंच्या खुंटीचाही असा दुसरा गुण आहे. ती वाकते. भिंत उरलेली असेल तर तिला वाकायची वेळच येत नाही. भिंत नसेल तर प्रत्येक घासागणिक ती कणभर वाकते. वर्षाला काही लाख घास. रेल्वेचे आस लहान लहान बळ वारंवार बसल्यानं थकून तुटतात, हे जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं. इथे थकतो तो सिमेंटचा सांधा. कॅपच्या काठाशी केसाएवढी फट पडते, लाळ झिरपते आणि कॅपखाली गुपचूप कीड लागते. मूळ चिरत नाही, पण कळेपर्यंत पोखरलेलं असू शकतं.

बर्लिनमध्ये चारिते रुग्णालयातल्या संशोधकांनी सुमारे ९० रुग्णांत चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी करून निम्म्यांना काचतंतूंची, निम्म्यांना टायटॅनियमची खुंटी बसवली. अट एकच, प्रत्येक दातात दोन मिलिमीटर भिंत हवी. दहाहून अधिक वर्षांच्या पाठपुराव्यात दोन्ही गटांत सांख्यिकीदृष्ट्या ठोस फरक निघाला नाही. आपला मघाचा हिशेब आठवा. भिंत असेल तर ओझं भिंतच पेलते. खुंटी कुठली, याला मग फारसं महत्त्व उरत नाही.

संगणकातला दात

एक फाटा थोडक्यात. वस्तूचे हजारो लहान तुकडे कल्पून प्रत्येकाचा ताण संगणकानं काढायचा, ही फायनाइट एलिमेंट पद्धत. तिचा एक मोठा उगम विमानांच्या पंखांच्या हिशेबात आहे. १९५६ चा टर्नर, क्लॉफ, मार्टिन आणि टॉप यांचा लेख प्रसिद्ध आहे. १९७३ मध्ये फराह, क्रेग आणि सिकार्स्की यांनी ती दुरुस्त केलेल्या दाढेवर वापरली. आज खुंट्यांवर असे शेकडो अभ्यास आहेत, रंगीत चित्रांसकट.

ही चित्रं वाचताना दोन प्रश्न विचारावेत. पहिला, चिकटवलेलं कधीच सुटत नाही असं धरलं आहे का? बहुधा धरलेलं असतं. तोंडात मात्र सगळ्यांत आधी तेच सुटतं. दुसरा, ताण कुठल्या मापानं मोजला? पुष्कळदा ते माप फॉन मिझेस यांचं असतं, १९१३ चं, मुळात लवणाऱ्या धातूंसाठी मांडलेलं. डेंटिन ओढ लागून चिरतं, त्याची ओढ वेगळी बघावी लागते. धातूच्या गजानं दात मोजला, तर उत्तर अचूक येईल पण प्रश्न भलताच असेल.

मोडायचंच असेल तर काय मोडावं?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्या शास्त्रग्रंथांत स्थूणानिखननन्याय म्हणून एक न्याय आहे. जमिनीत खांब रोवताना तो हलवून हलवून ठोकतात, म्हणजे पक्का बसतो. तसा सिद्धान्त आक्षेपांनी हलवून पक्का करावा. मराठीत आपण हलवून खुंटा बळकट करणे म्हणतो. दातातली खुंटी हलवून बळकट होत नाही, सैल होते. पण खुंटीबद्दलची समजूत मात्र हलवावीच लागली, आणि हलवल्यावर तिच्यातला पोकळ भाग गळून पडला. उरलं ते एवढंच. खुंटी दाताला बळ देत नाही. ती वरचं बांधकाम धरून ठेवते. बळ असतं ते उरलेल्या भिंतीचं.

मग पदार्थाच्या निवडीला अर्थ नाही का? आहे, आणि तो नैतिक आहे असं मला वाटतं. भिंत कमी उरलेल्या दातात कधी तरी काहीतरी मोडणार. पोलादाची किंवा झिर्कोनियाची खुंटी स्वतः सहसा मोडत नाही, पण मूळ चिरण्याचा धोका ठेवते. मूळ चिरलं की दात गेला. तंतूंची खुंटी सुटते किंवा तुटते. त्रास होतो, पुन्हा खर्च होतो, पण मूळ बहुधा राहतं आणि दुसरा प्रयत्न करता येतो. घराच्या वायरिंगमध्ये फ्यूज मुद्दाम कच्चा ठेवतात, तो याच विचारानं. म्हणजे खुंटी निवडणारा माणूस खरं तर पुढचं मोडणं कसं असावं ते निवडत असतो. आणि ते मोडणं दुसऱ्याच्या तोंडात होणार असतं. म्हणून ती निवड ज्याचा दात आहे त्याला सांगून व्हावी, एवढं म्हणायचा माझा अधिकार आहे असं मी मानतो.

प्रश्नोत्तरे

*प्रश्न : सर, ‘पोस्ट टाकू म्हणजे दात मजबूत होईल’ असं सांगितलं जातं. मग नको म्हणायचं का?*

नको म्हणायचं नाही. कॅपला आधार द्यायला दाताचा पुरेसा भाग उरला नसेल तर खुंटी लागते, तिचं ते कामच आहे. फक्त दोन गोष्टी विचारा. हिरडीच्या वर माझा स्वतःचा निरोगी दात किती उरला आहे? आणि हे मोडलं तर काय मोडेल? या दोन प्रश्नांची उत्तरं शांतपणे देणारा दंतवैद्य भेटला तर त्याचं ऐका, माझं नको.

*प्रश्न : भिंतच उरली नसेल तर?*

काही उपाय आहेत. हिरडी आणि हाड थोडं खाली घेऊन दात उघडा करतात, किंवा मूळ हळूहळू वर ओढून घेतात, म्हणजे कडं धरायला जागा मिळते. प्रत्येकाची किंमत असते, मुळाची जबड्यातली लांबी त्यात खर्च होते. आणि कधी कधी दात काढणं हाच प्रामाणिक सल्ला असतो.

*प्रश्न : फोशारच्या सोन्याच्या खुंट्या वीस वर्षं टिकल्या असतील, तर तीनशे वर्षांत मिळवलं काय?*

चांगला प्रश्न. फोशारकडे टिकलेले दात होते. ते का टिकले हे सांगण्याचं साधन नव्हतं. आज आपण सांगू शकतो, की बहुधा त्या मुळांच्या भिंती जाड होत्या आणि आत जंतूंनी फारसं घर केलेलं नव्हतं. म्हणजे श्रेय सोन्याचं नव्हतं. तीनशे वर्षांत मिळवलं ते हे, की श्रेय कुणाला द्यायचं हे कळलं. आणि श्रेय कळलं, की निरोगी दात कोरताना हात आखडता घेता येतो. ते थोडंथोडकं नाही.

वेळ झाली. इथे थांबतो.